सहावा गडी कोण? कॉलेज फुटबॉलमधल्या राखीव लाइनमनची ऑगस्टमधली पारख

20 जानेवारी 2025 रोजी अटलांटात अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ओहायो स्टेट विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला नोटर डेम विद्यापीठ. ओहायो स्टेटने 34-23 असा जिंकला. सामन्यात चेंडू हातात घेऊन प्रत्येक चाल सुरू करणारा जो गडी असतो, त्याला सेंटर म्हणतात. ओहायो स्टेटचा सेंटर होता कार्सन हिन्झमन आणि नोटर डेमचा पॅट कूगन. दोघेही 2023 च्या हंगामात आपापल्या संघाच्या पुढच्या फळीतल्या, म्हणजे लाइनमधल्या, पहिल्या पाचांत होते, आणि दोघेही ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणजे हंगामाच्या तोंडावर, राखीव खेळाडूंच्या यादीत गेले होते. प्रशिक्षकांनी महिनाभर पारखून, फिल्म बघून, विचार करून त्यांना बाजूला बसवलं होतं.

प्रशिक्षक चुकले, असं लगेच म्हणायचं कारण नाही. पण राखीव लाइनमनची हंगामपूर्व पारख म्हणजे नेमकं काय, ती इतकी अवघड का आणि तिच्यावर इतकं अवलंबून का असतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आधी खेळ थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. मैदान 100 यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना 10 यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. जमलं तर पुन्हा चार, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्न म्हणजे पाच-सात सेकंदांची एक चाल. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रनिंग बॅक चेंडू काखेत मारून पळतो, रिसीव्हर तो झेलतो. टीव्हीवर नावं यांचीच गाजतात.

या सगळ्यांच्या पुढे जमिनीला हात टेकून पाच अगडबंब माणसं उभी असतात, ती आक्रमक लाइन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. उंची साधारण सहा फूट चार इंच, वजन 136 किलोच्या आसपास किंवा पुढे. जर्सीवरचा आकडा 50 ते 79 मधला. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची यांना परवानगी नाही. काम एकच: समोरून येणाऱ्या तितक्याच अगडबंब माणसांना क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचू न देणं, किंवा त्यांना ढकलून पळणाऱ्याला वाट करून देणं. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळेल. साखळीत डावा कोपरा आणि उजवा कोपरा यांची कामं वेगळी, कव्हरचं काम वेगळं. एकाचा हात सुटला की बाकीचे कितीही तगडे असोत, चढाईवाला निसटतो. लाइनही अशीच एकमेकांच्या भरवशावर उभी असते.

आता अडचण अशी, की या पाचांच्या नावावर धावा, गोल, झेल असलं काहीच जमा होत नाही. अधिकृत आकडेवारीत लाइनमनचं नाव येतं ते बहुतेक वेळा दंड झाल्यावर: समोरच्याला धरून ठेवलं तर 10 यार्ड, चाल सुरू होण्याआधी हलला तर 5 यार्ड. चांगलं खेळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रो फुटबॉल फोकस नावाची एक कंपनी गेली दहा-बारा वर्षं कॉलेजच्या सामन्यांतल्याही प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीसाठी गुण देते, ते आकडे चाहत्यांत भरपूर फिरतात. पण गुण देणाऱ्याला एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे त्या चालीत त्या गड्याला नेमकं सांगितलं काय होतं. शिवाय राखीव खेळाडूने गेल्या वर्षी मिळून पन्नास-साठ चाली खेळलेल्या असतात, त्याही सामना हातात आल्यावर. तेवढ्यावरून काय ठरवणार?

म्हणून सगळी भिस्त सरावावर. कॉलेजच्या नियमांप्रमाणे वसंतात 15 सराव मिळतात आणि ऑगस्टच्या कॅम्पमध्ये जास्तीत जास्त 25. पूर्वी दिवसातून दोनदा पूर्ण सराव चालायचे, ते 2017 मध्ये बंद झाले. कॅम्पच्या पहिल्या दिवसांत फक्त हेल्मेट, मग खांद्याची पॅड, मग पूर्ण चिलखत, असं टप्प्याटप्प्याने जायचं, कारण ऑगस्टच्या उन्हात एवढ्या वजनाच्या माणसांना एकदम जुंपलं तर जिवावर बेतू शकतं. तसं बेतलेलंही आहे. लाइनमनच्या बाबतीत याचा एक परिणाम होतो. पॅड नसताना लाइनचा खेळ खरा होतच नाही. पाय कसे पडतात ते कळतं, डोकं चालतं का तेही कळतं, पण धडक बसल्यावर हा जागेवर राहतो की बर्फावर उभा असल्यासारखा मागे सरकतो, हे पॅड चढल्यावरच दिसतं. पहिल्या आठवड्यात ‘अमुक जबरदस्त दिसतोय’ अशी बातमी आली तर ती ऐकावी आणि सोडून द्यावी. तशीच दुसरी हंगामी बातमी म्हणजे ‘अमुकने उन्हाळ्यात सात किलो स्नायू कमावला’. दर ऑगस्टला प्रत्येक संघात कोणीतरी कमावतोच.

पॅड चढले की जी कसरत सगळ्यात जास्त बघितली जाते ती वन-ऑन-वन. एक लाइनमन, समोर एक बचावपटू, मागे क्वार्टरबॅकच्या जागी एखादा डमी किंवा पिंप. शिट्टी झाली की बचावपटूने त्या पिंपापर्यंत पोहोचायचं आणि लाइनमनने अडवायचं.

डाव्या टॅकलचं बघू. चेंडू हलताच तो डावा पाय तिरका मागे टाकतो, उजवा पाय सरकवत आणतो, पुन्हा डावा. पाय उचलून धावायचं नाही, जमिनीलगत सरकायचं. कंबर खाली, पाठ सरळ, दोन्ही हात छातीपाशी तयार. समोरचा दोन-तीन पावलांत अंगावर येतो. आता हात कधी मारायचे हा प्रश्न. लवकर मारले तर तो झटकून बाजूने निघून जातो. उशीर झाला तर त्याचेच हात छातीत बसतात, आणि छातीत हात बसले की लाइनमनचा जोर संपला. मारायचे तेही दोन्ही खांद्यांच्या आत, बाहेर गेले की ते धरणं ठरतं आणि पंच पिवळा रुमाल टाकतो. एकूण तीन सेकंदांचा मामला. बघणारा प्रशिक्षक हातांकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत असतो, कारण हात शिकवता येतात. मागे सरकताना पाय एकमेकांत अडकवणाऱ्याला टोकाला खेळवता येत नाही. असा गडी आत गार्डला टाकतात. ‘टॅकल म्हणून घेतला होता, गार्ड झाला’ ही अर्ध्या लाइनमनची जन्मकहाणी असते.

पण वन-ऑन-वनवर फार विसंबू नये. ही कसरत मुळातच बचावपटूच्या बाजूने झुकलेली आहे. खऱ्या सामन्यात शेजारी दुसरा लाइनमन असतो, चेंडू अडीच-तीन सेकंदांत हातातून सुटतो, पुढची चाल पळण्याची आहे की फेकण्याची हे समोरच्याला माहीत नसतं. इथे त्याला सगळं माहीत असतं आणि मोकळं रानही असतं. इथे दहापैकी सहा वेळा हरणारा लाइनमन सामन्यात उत्तम खेळू शकतो. जुन्या काळी याहून वाईट परीक्षा होती, ओक्लाहोमा ड्रिल. दोघांना अरुंद पट्ट्यात समोरासमोर उभं करायचं आणि शिट्टीवर एकमेकांवर सोडायचं. मर्दानगी मोजायची म्हणे. त्यात कळायचं एवढंच की कोणाचं डोकं जास्त घट्ट आहे. सरळ रेषेत टक्कर देणाऱ्या असल्या कसरतींवर 2021 मध्ये कॉलेज पातळीवर बंदी आली, ते बरंच झालं.

खरी परीक्षा होते ती सगळे अकरा विरुद्ध अकरा उभे राहतात तेव्हा, आणि तिचा निकाल लागतो रात्री, फिल्मच्या खोलीत. एक साधी चाल घ्या. चेंडू मधून पळवायचा आहे. सेंटर आणि डावा गार्ड यांच्या समोर एक धिप्पाड बचावपटू, आणि त्याच्या मागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. सेंटर आणि गार्डने कंबरेला कंबर लावून त्या धिप्पाडाला एकत्र मागे रेटायचं, पण दोघांचे डोळे मागच्या लाइनबॅकरवर. तो ज्या बाजूने पुढे येईल त्या बाजूच्याने धिप्पाडाला सोडून त्याच्यावर जायचं, आणि दुसऱ्याने एकट्याने धिप्पाड सांभाळायचा. कधी सोडायचं? लवकर सोडलं तर धिप्पाड दोघांच्या फटीतून घुसतो. उशीर झाला तर लाइनबॅकर येऊन पळणाऱ्याला जागीच आडवा करतो. बोलायला वेळ नसतो. हे कळतं ते कंबरेला कंबर लागलेली असताना, शेजाऱ्याच्या अंगाच्या हालचालीवरून. महिनोन्‌महिने शेजारी-शेजारी खेळलेल्या दोघांना ते जमतं. काल शेजारी आलेल्याला जमेलच असं नाही.

फिल्म बघताना लाइनचा प्रशिक्षक प्रत्येक गड्याला प्रत्येक चालीसाठी अधिक किंवा उणे देतो. योग्य माणसावर गेला का, तंत्र बरोबर होतं का, शेवट काय झाला, असे दोन-तीन निकष असतात. प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी. शेवटी टक्केवारी निघते आणि साधारण 80 च्या वर गेली की बरं चाललंय असं धरतात. आपल्याला शाळेतल्या सवयीने 80 टक्के भारी वाटतात. इथला हिशेब वेगळा आहे. सामन्यात 65 चाली झाल्या तर 80 टक्के म्हणजे 13 चुका. त्यातल्या बारा चुका अशा असू शकतात की चेंडू दुसऱ्याच बाजूला गेला आणि कोणाला कळलंही नाही. तेरावीत क्वार्टरबॅकची बरगडी जाते. त्यामुळे टक्केवारीपेक्षा चुकांची जात महत्त्वाची. राखीव गड्याबद्दल प्रशिक्षकाला पडणारा प्रश्न हा, की हा कसा चुकतो? जोर कमी पडून हळूहळू मागे ढकलला जात असेल तर क्वार्टरबॅकला निदान चेंडू फेकून द्यायला वेळ मिळतो. भलत्याच माणसावर जात असेल तर समोरचा मोकळाच सुटतो. पहिला चालवून घेता येतो, दुसरा नाही.

आणखी एक ढोबळ हिशेब करून बघा. पाचही जण प्रत्येकी 95 टक्के चाली बिनचूक करत असतील, तर पाचही जण एकाच वेळी बिनचूक असण्याची शक्यता 77 टक्के येते. त्यातला एक बदलला आणि नवा 80 टक्केवाला आला की ती 65 वर घसरते. म्हणजे साधारण चार चालींत एकदा काहीतरी बिघडायचं, ते आता तीन चालींत एकदा बिघडणार. प्रत्यक्षात चुका अशा सुट्या-सुट्या नसतात, एकाची चूक शेजाऱ्याला ओढते, त्यामुळे खरं चित्र याहून थोडं वाईटच. पाचांतला एक बदलला तर लाइनचा पाचवा हिस्सा बदलतो असं वाटतं. तसं होत नाही.

सरावातल्या पारखीला स्वतःच्याही मर्यादा आहेत. राखीव लाइन बहुतेक वेळ राखीव बचावफळीशीच खेळते. ती भारी दिसली तर ही लाइन चांगली की समोरचे कच्चे? उत्तर एकाच खोलीतल्या लोकांना शोधायचं असतं, आणि त्यांना दोन्ही बाजूंचं चांगभलं हवं असतं. क्वार्टरबॅक सरावात वेगळ्या रंगाची जर्सी घालतो आणि त्याला हात लावायला मनाई असते, त्यामुळे तो आडवा झाला असता की नसता हे शिट्टी मारणाऱ्याच्या मर्जीवर. आपल्याच संघाचा बचाव महिनाभर त्याच त्या चाली बघून त्या ओळखायला लागतो. आणि गोंगाट! ओहायो स्टेटच्या मैदानात लाखावर माणसं बसतात. परक्या मैदानावर तेवढे लोक तुमच्या विरोधात ओरडत असताना शेजारी काय बोलतो ते ऐकू येत नाही. मग क्वार्टरबॅकच्या पायाच्या खुणेवर किंवा गार्डच्या थापेवर चेंडू सोडायचा. सरावात कर्णे लावून आवाज करतात खरा, पण त्याने कान किटतात, छातीत धडधड होत नाही.

वय हाही मोठा मुद्दा आहे. अठराव्या वर्षी आलेला लाइनमन क्वचितच लगेच खेळण्याजोगा असतो. पोरगं उंच असतं, पण एकवीस-बावीस वर्षांच्या तयार गड्यापुढे कमी पडतं. त्याला एक-दोन वर्षं खाऊन-पिऊन, वजनं उचलून घडवावं लागतं. यासाठी ‘रेडशर्ट’ नावाची सोय आहे: पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, एक वर्ष बाहेर बसून काढलं तर ते मोजलं जात नाही. 2018 पासून त्यात सवलत आली, चार सामन्यांपर्यंत खेळला तरी ते वर्ष वाचतं. त्यामुळे ऑगस्टमधली राखीव यादी निम्मी आजच्यासाठी असते आणि निम्मी दोन वर्षांनंतरसाठी. यादीत दुसऱ्या क्रमांकावर दिसणारा पोरगा खरोखर दुसरा असतोच असं नाही. पहिला जायबंदी झाला तर त्याच्या जागी भलताच कोणी येईल आणि हा पोरगा आपलं वर्ष वाचवून बाकावरच राहील.

इथे मूळ मुद्दा येतो. छापील यादीत पाच जागा आणि प्रत्येक जागेला दोन नावं अशी दहा नावं असतात. चाहते ती जोड्यांसारखी वाचतात: याच्या मागे हा, त्याच्या मागे तो. प्रशिक्षकाच्या डोक्यात मात्र दहा नावं नसतात, सात-आठ असतात. उरलेल्यांवर सामना सोपवायची वेळ येऊ नये अशी त्याची प्रार्थना असते. सहावा गडी म्हणजे कुठल्या एका जागेचा दुसरा नव्हे. जास्तीत जास्त जागी उभा करता येईल असा माणूस. त्यामुळे ऑगस्टमध्ये खरा प्रश्न असतो तो ‘हा पडला तर उरलेले चार आणि नवा एक मिळून सगळ्यात चांगली मांडणी कोणती?’ कधी तिचं उत्तर एकाच्या जागी एक असं सरळ असतं. कधी दोन माणसं हलवावी लागतात.

ओहायो स्टेटचंच बघा. 12 ऑक्टोबर 2024 ला ओरेगनविरुद्ध त्यांचा डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघा दुखावून हंगामातून बाद झाला. कागदावर त्याच्या मागे झेन मिखाल्स्की होता, तो पुढच्या सामन्यात नेब्रास्काविरुद्ध उतरला. तिथे त्याला अवघड गेलं आणि शेवटी तोही जायबंदी झाला. आता कागद संपला. मग डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन याला टोकाला टॅकल म्हणून नेलं आणि त्याच्या रिकाम्या जागी कार्सन हिन्झमनला आणलं. एका जागेसाठी दोन बदल. 2 नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर या नव्या मांडणीने पहिला सामना खेळला, तोही अब्दुल कार्टरसारख्या बचावपटूसमोर. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत तो तिसऱ्या क्रमांकावर गेला, यावरून त्याची जात कळावी. ओहायो स्टेटने सामना 20-13 असा काढला. शेवटची पाचेक मिनिटं तर त्यांनी चेंडू हवेत फेकलाच नाही, नुसता पळवून घड्याळ संपवलं. समोरच्याला ठाऊक आहे की तुम्ही पळणार, तरी तो अडवू शकत नाही. लाइनला याहून मोठी शाबासकी नसते.

मग नोव्हेंबरमध्ये सरावात सेंटर सेथ मॅक्लॉक्लिनचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला. हा मॅक्लॉक्लिन अलाबामाहून आलेला. 1 जानेवारी 2024 च्या रोझ बोल सामन्यात त्याने मागे सोडलेले चेंडू वारंवार बिघडले होते आणि लोकांनी त्याला बरंच धारेवर धरलं होतं. ओहायो स्टेटने त्याला घेतलं, हिन्झमनची जागा दिली, आणि त्या हंगामात देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार त्यालाच मिळाला. त्याच्या जागी आता हिन्झमन पुन्हा सेंटरला सरकला आणि गार्डच्या जागेवर तरुण पोरं आली. 30 नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध घरच्या मैदानावर याचं पितळ उघडं पडलं: 13-10 असा पराभव, पळून मिळवलेले जेमतेम 77 यार्ड. तिथून दीड महिन्यात हीच लाइन टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोटर डेम यांना हरवून विजेती झाली. माणसं तीच होती, फक्त एकमेकांच्या शेजारी उभं राहून झालेल्या चालींची संख्या वाढली होती. निदान माझं वाचन तरी असं आहे. चाली आखणाऱ्यांनीही खेळ बदलला, हे नाकारता येणार नाही.

गार्डला टॅकल करणं बाहेरून सोपं दिसतं. डावीकडच्याला उजवीकडे नेणं तर त्याहून सोपं वाटतं. पण उभं राहायची पद्धतच उलटी होते: जो पाय मागे असायचा तो पुढे, जो हात जमिनीला टेकायचा तो वर, आणि सरकायचं दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताने जेवणारा डाव्या हाताने जेवू शकतो, पण समोर घड्याळ लावून नव्हे. म्हणून ऑगस्टमध्ये कोणाला किती जागी उभं करून बघायचं हा प्रशिक्षकापुढचा मोठा पेच असतो. जास्त फिरवलं तर तो कुठलीच जागा पक्की करत नाही. एकाच जागी ठेवलं तर ऑक्टोबरमध्ये हात बांधलेले राहतात. सराव मोजके, त्यामुळे इथे दिलेली चाल तिथे कमी होते.

मला विचाराल तर राखीव सेंटर हा या सगळ्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी चर्चेतला माणूस. सेंटर समोरचा बचाव वाचून बाकी चौघांना कोण कोणावर जायचं ते ओरडून सांगतो. दोन पायांमधून चेंडू मागे चार-पाच यार्डांवर उभ्या क्वार्टरबॅकच्या छातीशी नेमका पोहोचवतो, आणि तो हात मोकळा व्हायच्या आत अंगावर आलेल्याला भिडतो. टॅकल चुकला तर एक चाल जाते. चेंडूच डोक्यावरून गेला तर सामना जाऊ शकतो. तरी राखीव सेंटर बऱ्याच संघांत एखादा गार्डच असतो, सराव संपल्यावर कडेला उभा राहून पन्नास चेंडू मागे सोडणारा. यादीत दोनदा येणारं एकच नाव दिसलं तर तिथे थांबून बघावं, कारण त्या संघाची राखीव फळी खरोखर किती भक्कम आहे ते तिथे कळतं.

नोटर डेमने हे चांगलंच भोगलं आणि चांगलंच निभावलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा ठरलेला डावा टॅकल चार्ल्स जगूसा छातीचा स्नायू फाटून बाद झाला. जागा मिळाली अँथनी नॅपला, जो नुकताच शाळेतून आलेला होता. गार्डच्या जागेवर, गेल्या हंगामात सगळे सामने खेळलेला पॅट कूगन मागे पडला आणि नवा गडी वर आला. परिणामी 31 ऑगस्टला टेक्सस ए अँड एमच्या मैदानावर पहिला सामना खेळताना पाचही जणांचा सुरुवातीपासून खेळायचा अनुभव एकत्र केला तरी दहा सामनेही भरत नव्हते. तिथे एका लाखाच्या गर्दीपुढे ते 23-13 असे जिंकले. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून 16-14 असे हरले. आता सांगा, लाइनची पारख कुठल्या सामन्यावरून करायची?

14 सप्टेंबरला पर्ड्यूविरुद्ध (हो, तेच पर्ड्यू, जिथे आपल्याकडची इतकी पोरं एम.एस. करायला जातात) नोटर डेमने 66-7 असा धुव्वा उडवला, पण सेंटर ॲश्टन क्रेग गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाला मुकला आणि गार्ड बिली श्रॉथही जायबंदी झाला. सेंटरच्या जागी आला कूगन. गार्डची जागा गमावलेला माणूस थेट सेंटर झाला आणि जानेवारीतल्या अंतिम सामन्यापर्यंत तिथेच राहिला. उपांत्य सामन्यात नॅप जायबंदी झाला तेव्हा ऑगस्टमध्ये बाद झालेला जगूसा बरा होऊन परतला होता. अंतिम सामन्यात डाव्या टोकाला तोच उभा राहिला.

कूगनची ऑगस्टमधली पारख चुकली होती का? गार्ड म्हणून त्याच्यापेक्षा दुसरा पुढे वाटला, तेवढ्यापुरती ती बरोबरही असेल. त्याला सेंटरला किती उतरवून बघितलं होतं हे मात्र यादीत दिसत नव्हतं, आणि हंगाम वाचला तो त्यावर.

बाहेरच्या माणसाला यातलं कळतं कसं? सराव बहुतेक बंद दाराआड. मिळतं ते पत्रकार परिषदेतलं बोलणं आणि छापील यादी. प्रशिक्षकांच्या बोलण्याची एक ठरीव भाषा आहे. ‘पोरगा खूप मेहनत घेतोय’ म्हणजे अजून खेळवण्याजोगा नाही. ‘चार-पाच जणांत चुरस आहे’ म्हणजे एकही पुढे आलेला नाही. ‘तो कुठेही खेळू शकतो’ याचे दोन अर्थ: खरोखर सहावा गडी, किंवा कुठलीच जागा जिंकू न शकलेला. कुठला ते ओळखायचं तर पहिल्या पाचांतला एखादा सरावाला नसतो त्या दिवशी त्याच्या जागी कोण उभा राहिला एवढं शोधावं. तो एक तपशील महिनाभराच्या मुलाखतींना भारी असतो. यादीत दोन नावांच्या मध्ये ‘किंवा’ छापलेलं असतं, तेही मजेशीर प्रकरण आहे. कधी खरंच ठरलेलं नसतं. कधी प्रतिस्पर्ध्याला अंधारात ठेवायचं असतं. आणि बऱ्याचदा दुसऱ्या नावाच्या पोराला आणि त्याच्या आईवडिलांना दुखवायचं नसतं.

दुखवायचं नसतं कारण पोरं आता थांबत नाहीत. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं, 2021 पासून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळायची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली आणि फुटबॉल संघात 85 शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी एकूण 105 खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी लाइनमन तीन वर्षं बाकावर बसून चौथ्या वर्षी खेळायचा. मागे उभा राहून शिकायचा तो काळच त्याची तालीम असायची. आता दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सातव्या क्रमांकावर असलेल्या पोराला दुसरीकडे पहिल्या पाचांत जागा आणि पैसे दोन्ही मिळतात. उरतात ते एकतर अगदी नवखे, नाहीतर बाहेरून आणलेले तयार गडी, ज्यांना शेजाऱ्याच्या कंबरेची ओळख नाही. आणि ऑगस्टमध्ये हा बाजार बंद असतो. कॅम्पच्या दुसऱ्या आठवड्यात टॅकलचा स्नायू फाटला तर घरात जे आहे त्यातूनच भागवायचं.

कूगनही पुढे असाच बाहेर पडला. अंतिम सामना खेळून झाल्यावर त्याने नोटर डेम सोडलं आणि 2025 च्या हंगामासाठी त्याच राज्यातल्या इंडियाना विद्यापीठाची वाट धरली, सेंटर म्हणूनच. त्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद इंडियानाने जिंकलं.